सोमवारी आखडणारा घोडा : माथेरानमधलं एक प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी फोन आला. "डॉक्टर, बादल लाथा झाडायला लागलाय. नालबंद म्हणतो, मागचा पाय मी हातात घेणार नाही." एखादं शांत करणारं इंजेक्शन मिळेल का, म्हणजे नाल ठोकून होईल, एवढीच मागणी. पाय आखडतात ही तक्रार नव्हतीच. मीच विचारल्यावर ती जाता जाता निघाली : "ते तर सगळ्याच जुन्या घोड्यांचं असतं. सोमवारी जरा जास्त. दहा पावलं चालला की मोकळा होतो."

हे "दहा पावलं चालला की मोकळा होतो" मी इतक्यांदा ऐकलंय, की ते कानावर आलं की मी तपासणीची पिशवी उचलतो. मोकळा होतो, म्हणून कुणी बघत नाही. आणि बघायला घेतो तोवर दोन वर्षं गेलेली असतात.

माथेरानात मोटार नाही. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठेपर्यंतचा अडीच-एक किलोमीटरचा रस्ता माणसं पायी, अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या आगगाडीनं, ई-रिक्षानं किंवा घोड्यावर बसून काटतात. परवान्याचे घोडे साडेचारशेच्या आसपास. त्यांना सांभाळणारे स्वतःला अश्वपाल म्हणवतात. बादलचे मालक त्यातलेच, साठीला आलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. घरात तीन घोडे. त्यातला बादल सगळ्यात शांत, म्हणून लहान मुलं, घाबरणाऱ्या बायका आणि वजनदार गिऱ्हाईकं, सगळी त्याच्याच पाठीवर. शांत स्वभावाची किंमत घोड्यालाही मोजावी लागते.

मी पोचलो तेव्हा तो तबेल्यात दाव्याला उभा होता. राखी-पांढरा, खच्ची केलेला, अंगानं बरा. छातीचा घेर १५८ सेंटीमीटर, लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० हे गणित मांडलं की वजन साधारण ३१५ किलो येतं. मामांच्या हिशेबानं वय अकरा. सहा वर्षांपूर्वी एका घोडेबाजारातून पाच वर्षांचा म्हणून घेतलेला. मी ओठ वर करून वरच्या कोपऱ्यातला दात पाहिला. त्या दातावर वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच उगवते आणि पंधराव्या वर्षापर्यंत अर्ध्या दातावर उतरते. बादलची खाच अर्ध्याच्या पुढे गेलेली. पंधरा-सोळाच्या आत नक्कीच नव्हता. मामा काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून परत घातली.

मग दोन गोष्टी दिसल्या, आणि खरं सांगायचं तर निदान तिथंच अर्धं झालं.

पहिली म्हणजे कोपऱ्यातला डबा. त्यात उतरवलेल्या जुन्या नाला टाकलेल्या होत्या. मी त्या जमिनीवर ओतल्या. पुढच्या पायांच्या सगळीकडून सारख्या झिजलेल्या. मागच्या पायांच्या मात्र टोकाला पत्र्यासारख्या पातळ, आणि डाव्या पायाच्या तर टोकाला आणि बाहेरच्या बाजूला जवळजवळ धार आलेली. जो घोडा मागचा पाय नीट दुमडून उचलत नाही, तो टापेचं टोक जमिनीला घासत आणतो. घोडा काय करतो हे मालक सांगेल तसं आपण ऐकतो. नाल मात्र महिनोन्महिने लिहून ठेवते.

दुसरी गोष्ट बादलच्या अंगावर होती, म्हणजे अंगावर नव्हती. माथेरानची माती लाल, जांभ्याची. रात्री बसलेल्या, लोळलेल्या घोड्याच्या कुशीला आणि मांडीला ती सकाळी लागलेली असते. पांढऱ्या घोड्यावर तर लपतच नाही. शेजारच्या दोघांच्या अंगावर लाल पट्टे होते. बादल धुतल्यासारखा स्वच्छ. त्याच्या पुढच्या दोन्ही पायांच्या, टापेच्या वरच्या सांध्यावर समोरून जुने खरचटल्याचे, केस उडालेले ठिपके होते. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला अंग टाकावं लागतं. बसायला-उठायला दुखत असेल तर तो बसायचंच टाळतो. मग उभ्यानंच झोप लागते, पुढचे पाय मुडपतात आणि तो सांध्यांवर आपटतो. मामांच्या भाच्यानं सांगितलं, रात्री मधूनच धप्प आवाज येतो. त्यांना वाटायचं शेजारचा लाथ मारतो.

सोमवारी जास्त आखडतो म्हटल्यावर मला आधी एक वेगळीच शंका तपासायची होती. कामकरी घोड्यांमध्ये सुट्टीच्या दिवसांतही पूर्ण चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, चालू ठेवली आणि मग एकदम कामाला जुंपलं, की स्नायू जखडण्याचा एक आजार होतो. इंग्रजांच्या काळापासून त्याला सोमवारचाच आजार म्हणतात, कारण तेव्हा रविवारी सुट्टी असायची. पण त्यात पुठ्ठ्याचे, म्हणजे ढुंगणाचे, स्नायू दगडासारखे कडक होतात, लघवी चहाच्या रंगाची होते, आणि घोडा चालवला तर आणखी बिघडतो. बादलचं उलट होतं. पुठ्ठे मऊ, लघवी नेहमीची, आणि चालल्यावर सुधारणा. शिवाय इथं सुट्टी आणि काम यांची अदलाबदल होती. शनिवार-रविवारी आठ-नऊ फेऱ्या, आणि सोमवार ते शुक्रवार बहुतेक वेळ दाव्याला. जोराचं काम, मग पाच दिवस गोठल्यासारखं उभं राहणं. सांध्यासाठी यापेक्षा वाईट वेळापत्रक मुद्दाम आखलं तरी जमणार नाही.

बाहेर सपाट जागेवर भाच्याला लगाम धरून त्याला चालवायला लावलं. पहिली तीसेक पावलं मागून बघितलं तर दोन्ही मागचे पाय आखूड पडत होते, डावा जास्त. पुठ्ठ्याची डावी बाजू उजव्यापेक्षा जास्त वर-खाली होत होती. मग डावा मागचा पाय दुमडून एक मिनिट धरला. तो धरतानाच त्यानं झटका दिला. हीच ती नालबंदाला बसणारी लाथ. सोडून दुडकीनं पळवलं तर आठ-दहा टापा उघड लंगडला. उजव्याला तीच परीक्षा केली, तिथं चार-पाच टापा.

या परीक्षेवर कुणी डोळे झाकून विसंबू नये. घोड्याच्या मागच्या पायात गुडघा आणि त्याखालचा सांधा एकमेकांना असे बांधलेले असतात की एक दुमडला की दुसरा दुमडतोच. त्यामुळे दुखतंय नक्की कुठं हे यातून कळत नाही. हा खालचा सांधा, ज्याला आम्ही हॉक म्हणतो, म्हणजे माणसाचा घोटा. त्याचं मागचं टोक म्हणजे आपली टाच. त्यात एकावर एक असे थर आहेत. सगळी हालचाल वरच्या थरात होते, खालचे दोन थर जेमतेम सरकतात. आणि गंमत अशी की झीज बहुतेक त्या खालच्या दोन थरांतच होते. आतल्या बाजूला बोटं फिरवली तर बादलच्या डाव्या हॉकला हाडासारखा टणक उंचवटा लागत होता. जुने सईस हिंदीत याला हड्डा म्हणायचे.

मामांच्या थोरल्या भावाला तो शब्द ठाऊक होता. उपायही ठाऊक होता : तापवलेल्या सळईनं डाग द्यायचा. त्यांच्या वडिलांनी एका घोडीला दिला होता आणि ती "पुढं चार वर्षं चालली". मी नाही म्हटलं. डाग दिल्यावर घोड्याला महिनोन्‌महिने काम मिळत नाही, आणि जो फरक पडतो तो त्या सक्तीच्या विश्रांतीचा असतो. भाजण्यानं आतल्या हाडाला काही होत नाही, दुखणं तेवढं वाढतं. वाद बराच वेळ चालला. शेवटी मामा म्हणाले, "दादा, राहू दे. आपल्या वेळची गोष्ट वेगळी."

निघता निघता भाच्यानं हळूच सांगितलं की शनिवारी सकाळी मामा बादलला गुळातून गोळ्या देतात. रिकामी पट्टी बघितली. माणसांचं डायक्लोफेनॅक. किती? "चार. कधी सहा." म्हणजे शनिवार-रविवारी दुखणं झाकलेलं, आणि त्याच दोन दिवसांत सगळ्यात जास्त फेऱ्या. सोमवारी औषध उतरलं की दोन दिवसांचा हिशेब एकदम. मला राग आला, तो मी गिळला. दोन दिवसांच्या कमाईवर आठवडा काढणाऱ्या माणसाला मी तिथं उभं राहून काय शिकवणार होतो. एवढं मात्र सांगितलं की हे औषध जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे. ते पोटात असताना जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. मामांनी विचारलं, "इथं शेवटचं गिधाड कधी पाहिलं तुम्ही?" मला सांगता आलं नाही.

आता माझी चूक. त्या दिवशी मी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सुरू केलं, किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १९० मिलिग्रॅमच्या आसपास, दिवसातून एकदा, चारा खाल्ल्यावर, दोन आठवडे. आणि सवयीनं बोलून गेलो : "तीन आठवडे पूर्ण विश्रांती." मामांनी ते शब्दशः पाळलं. बादल तीन आठवडे दाव्याचा हलला नाही. मी परत गेलो तेव्हा तो आधीपेक्षा वाईट होता. मोकळं व्हायला तीस नाही, साठ पावलं लागत होती. ताज्या जखमेला विश्रांती लागते. झिजलेल्या सांध्याला हालचाल लागते, थोडी, पण रोजची. सांध्यातलं वंगण आणि कूर्चेचं पोषण हालचालीवरच चालतं. हे मला पाठ आहे, विद्यार्थ्यांना सांगितलंय, आणि तरी तोंडातून निघालं ते "पूर्ण विश्रांती". मी मामांना तसं सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

एक्स-रे दस्तुरी नाक्यावर काढला. एका सहकाऱ्याकडचं हातात धरायचं यंत्र गाडीतून तिथवर आणलं आणि बादलला तिथं चालवत नेलं. गाड्या लावायच्या जागेत, पर्यटकांच्या घोळक्यात. एका मुलानं विचारलंच, घोड्याचा सेल्फी काढताय का. चार कोनांतून चित्रं घेतली. डाव्या हॉकच्या खालच्या थरातली फट जवळजवळ बुजलेली, कडेला हाडाचे काटे. उजवीकडे तेच, पण सुरुवातीचं. चित्र किती खराब आणि घोडा किती लंगडा, यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. कधी कधी तो थर पूर्ण जुळून एक होतो आणि दुखणं थांबतंही. मामांना मी हे आशा म्हणून सांगितलं, हमी म्हणून नाही. ते जुळायला वर्षं लागू शकतात आणि पुष्कळदा जुळतच नाही.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता आलं असतं. रेसच्या आणि उड्या मारणाऱ्या घोड्यांना सर्रास देतात, काही महिने बरं वाटतं. मी दिलं नाही. सांध्यात सुई घालायला जी स्वच्छता लागते ती लाल धुळीच्या तबेल्यात मिळत नाही, आणि सांध्यात जंतू गेले तर घोडाच जातो. दुसरं कारण मी मामांना स्पष्ट सांगितलं : बरं वाटलं की तुम्ही शनिवारी परत नऊ फेऱ्या काढाल. ते हसले. नाकारलं नाही.

मग खरी योजना बसली, आणि ती बसवायला सगळ्यात जास्त वेळ नालबंदाबरोबर गेला. तो मनातून दुखावलेला होता. लाथ मारणारा घोडा म्हणून त्यानं बादलला दोनदा काठीनं मारलं होतं, आणि आता पाय दुखत होता म्हणून लाथ, हे ऐकल्यावर गप्प झाला. त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पाय गुडघ्याएवढा वर घ्यायचा नाही, जमिनीपासून वीतभर उचलून मांडीऐवजी नडगीवर टेकवायचा, आणि मध्ये दोनदा खाली ठेवू द्यायचा. आणि मागच्या टापेचं टोक आखूड करून, नालेचं टोक गोलसर घासून, नाल किंचित मागे बसवायची, म्हणजे पाय पुढं लोटताना टोकावरून सहज कलंडेल. एवढं केल्यावर त्यानं स्वतःहून तिसरी सांगितली : नाल पूर्ण झिजेपर्यंत थांबायचं नाही. मामा अडीच-तीन महिने काढायचे. आता पाच-सहा आठवडे ठरले. वाढलेलं टोक म्हणजे सांध्यावर लांब तरफ. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

ओझ्याचं गणित रोखठोक होतं. खोगिरासकट घोड्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा ही मी वरची मर्यादा धरतो. बादलला ६३ किलो. त्यातून आठ किलोचं खोगीर वजा जाता पंचावन्न. सरकारचे १९६५ चे नियमही टट्टूवर ७० किलोपेक्षा जास्त माल लादू नका म्हणतात. म्हणजे बादलवर आता फक्त मुलं आणि हलकी माणसं. चढण्यासाठी मामांनी तबेल्यासमोर जांभ्याचा दोन पायऱ्यांचा ओटा रचला. पर्यटक रिकिबीत पाय घालून सगळं वजन डावीकडे लटकवत चढतो, तेव्हा घोडा मागचे पाय फाकवून तोल सांभाळतो. दिवसात नऊ वेळा. शार्लोट तलावाकडच्यासारखे उतार बंद. चढावर हॉकला जोर लागतो, पण उतारावर तो जास्त दुमडून ब्रेकसारखा धरावा लागतो, आणि ते त्याला झेपत नव्हतं. दुडकी कायमची बंद. "अंकल, इसको भगाओ ना" म्हणणाऱ्याला दुसरा घोडा.

जमिनीबद्दल इथं सगळ्यांची मतं तयार असतात. दस्तुरीकडून येणाऱ्या रस्त्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक बसले, तेव्हा नाल घसरते म्हणून अश्वपालांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बादलपुरतं मी बघितलं तर ओल्या ब्लॉकवर तो पाय आखडून, सावध टाकतो, कडेच्या मातीवर सैल. पण उन्हाळ्यात घोटाभर धूळ साचलेल्या वाटेवरही त्याला पाय उपसायला त्रास होतो. चेपलेली, किंचित ओलसर माती सगळ्यात बरी. तशी ती वर्षातले चार महिनेच मिळते, आणि त्यातले बरेच दिवस गिऱ्हाईक नसतं.

कामाचं वाटप हे सगळ्यात अवघड होतं. रोज सकाळी आणि संध्याकाळी वीस मिनिटं मोकळं चालवणं, हे भाच्याकडे आलं. पहिलं गिऱ्हाईक बसायच्या आधी पंधरा मिनिटं चालणं. शनिवार-रविवारी चार फेऱ्या, मध्ये खोगीर उतरवून तासभर. एका जागी बांधण्याऐवजी लांब दोर. चाऱ्यात थोडा बदल : चंदीत गव्हाच्या कोंड्याचा भरणा फार होता. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी, त्यानं हाडं कच्ची पडतात. कोंडा कमी केला, लसूणघास सुरू केला, काम नसलेल्या दिवसांची चंदी निम्मी केली. सांध्यांसाठी डब्यातली पावडर घ्यावी का, असं मामांनी विचारलं. त्या पैशाचा भुसा आणून खाली जाड अंथरा म्हटलं. बसायला मऊ लागलं तर तो बसेल तरी.

मोजमापासाठी एक साधी युक्ती केली. दर सोमवारी सकाळी भाचा त्याच वाटेवर, त्याच जांभळीपासून बादलला चालवायचा आणि फोनवर मागून चित्रण करायचा. पाय मोकळा पडेपर्यंत किती पावलं, ती वहीत. माझ्या चुकीनंतरच्या सोमवारी ६०. नवी नाल बसल्यावर तीन आठवड्यांनी ४५. मेच्या शेवटी २५. पावसाळ्यात मामा घोडे खाली नेरळकडे नेतात, तिथं मोकळं रान. ऑगस्टमधली नोंद १४. दसऱ्याच्या सुमाराला १२, आणि त्यानंतर ती खाली गेलेली नाही. थंडीत एखाद्या सोमवारी वीसही होते. मेलॉक्सिकॅम आता रोज नाही. वाईट आठवड्यात चार-पाच दिवस, मला फोन करून, आणि औषधाच्या दिवशी काम नाही. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ती मोडली जाईल हे धरूनच मी ठेवली होती.

मोडली गेली. दिवाळीच्या शनिवारी मामांचा फोन आला, दस्तुरीला रांग लागलीय, एक घोडा आजारी आहे, एवढ्या दोन दिवसांपुरती गोळी देऊ का. मी नाही म्हटलं. त्यांनी बहुधा दिली. सोमवारच्या वहीत २८ लिहिलं होतं, त्याच्याखाली भाच्यानं पेन्सिलनं एक रेघ मारली होती, बाकी काही नाही. मीही विचारलं नाही.

कमाई घटली हे खरंच आहे. बादल आता आधीच्या निम्मंही कमावत नाही, आणि खातो तेवढंच. मामांनी उधार-उसनवार करून एक तरुण घोडी घेतली. पुढच्या हिवाळ्यात बादलचं खोगीर कायमचं उतरवायचं का, हा विषय घरात निघतो आणि तिथंच राहतो. "विकणार नाही," मामा म्हणतात, "विकला तर कुठं जाईल ते मला माहीत आहे."

परवा गेलो होतो तेव्हा भाचा खरारा करत कुरकुरत होता. पांढरा घोडा, रोज सकाळी अर्धा तास जातो. बादलची डावी कूस, मांडी आणि मानेपर्यंतचा भाग लाल मातीनं माखलेला होता.